बाजूच्या खिडकीतला रस्ता

२० नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली ती बाळ किती वेळा हललं ते टिपायला. आज चार वेळा हललं. झालं टिपून. उरलेलं पान कोरं सोडणं माझ्या जिवावर आलं, म्हणून बाकीचंही लिहितेय.

तेविसावा आठवडा पुरा झाला. आधीची दोन अठराव्याच्या पुढे गेली नाहीत. हे राहायला हवं, मला दुसरं काही नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नोकरी करा, चाला-फिरा, फक्त लांबचा प्रवास नको, वजन उचलायचं नाही आणि जिवाला घोर लावून घ्यायचा नाही. मी म्हटलं, "पहिली दोन जमतील." त्या हसल्या नाहीत. एमिलबेकनं (नवरा माझा) मात्र तिसरं वाक्य पाठ केलं आणि घरी आल्या आल्या आपांना, म्हणजे त्याच्या आईला, ऐकवलं. "हिच्या कानावर कसलीही वाईट बातमी घालायची नाही." तेव्हापासून या घरात दूध उतू गेलं तरी माझ्यापासून लपवतात.

लांबचा प्रवास नको म्हणजे तलासला जाणं होणार नाही. बाबा तिकडे असतात, माझ्या धाकट्या भावाकडे, दानियारकडे. इथून एक अख्खा दिवस आणि दोन खिंडी. उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलेत. फोन करून सांगितलं तर म्हणाले, "मग येऊ नकोस, पिल्लू. मला रोज एक फोटो पाठव. बसमधून."

"कशाचा?"

"बाजूचा. एकतीस वर्षं मी आपल्या कारा-बुलूनपासून नारिनपर्यंत बस चालवली. समोरचा रस्ता बघितला, आरशातून मागचा बघितला. बाजूच्या खिडकीतून काय दिसतं ते मी कधी बघितलंच नाही. हल्ली पडल्या पडल्या तेच मनात येतं."

मला आधी हसू आलं. मग ठरवलं, उद्या खिडकीपाशी बसायचं.

२१ नोव्हेंबर

सव्वासातची बस. बाहेर उणे एकोणीस. काचांवर आतून बर्फाची अशी जाड साय, की पिठाच्या डब्यात बसल्यासारखं वाटतं. अंगठा दाबून धरला, दुखेपर्यंत धरला, तेव्हा कुठे एवढंसं भोक पडलं. त्याला फोन लावून फोटो काढला.

नारिनला पोचल्यावर, नाटकघरातल्या माझ्या शिवणखोलीत, उघडून बघितला. सगळं धूसर आणि कडेला एक गुलाबी ढेकूळ. तसाच पाठवला. बाबांनी आवाज पाठवला, खोकत खोकत: "पिल्लू, हा कोणता डोंगर?"

मी कळवलं, अंगठा आहे.

"बरा आहे. उद्या त्याच्या पलीकडचं दाखव."

२७ नोव्हेंबर

थोडं जमायला लागलंय. युक्ती उमसुनाय एजेंनी शिकवली (आमच्यात मोठ्या बाईला एजे म्हणतात, मोठ्या पुरुषाला बाइके). या एजे रोज साईच्या बरण्या मांडीवर घेऊन बाजारात विकायला जातात आणि त्यांच्या जिभेला हाड नाही. "अगं, अंगठ्यानं काय कोरतेस, तळहात ठेव. बाईच्या तळहाताला चुलीची ऊब असते. का तुझ्याकडे नवरा रांधतो?" मी म्हटलं, सासू रांधते. सगळी बस हसली.

तळहात ठेवला तर खरंच पंज्याएवढी खिडकी झाली, आणि तिच्या कडा पिसांसारख्या. त्यातून बाहेर बघितलं की बाहेरचं काहीच खरं वाटत नाही. नदीवर वाफ, वाफेत पोपलरची झाडं, आणि झाडांना खाली बुंधेच नाहीत.

शार्शेन बाइकेंनी आरशातून विचारलं, "बेगायीम, काय चाललंय?" हे आमचे ड्रायव्हर, बाबांचे चेले. पूर्वी बाबा गाडी हाकायचे आणि हे तिकिटं फाडायचे. बाबा उतरले, हे त्या जागेवर बसले. गाडी चालवताना एरवी अवाक्षर काढत नाहीत.

"बाबांना बाजूचा रस्ता दाखवतेय."

त्यांनी कबरस्तानापाशी गाडी अगदी पावलांच्या चालीनं घेतली. मातीचे घुमट, त्यांवर बर्फाच्या टोप्या. सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे तोंडावरून हात फिरवले आणि मी फोटो काढला. बाबा म्हणाले, "माझे किती प्रवासी झोपलेत तिथे. ते सगळे एकाच बाजूला बसलेत हे मला ठाऊकच नव्हतं."

४ डिसेंबर, बुधवार

आज गाढव. कुंपणाशी उभं, पाठीवर वीतभर बर्फ, आणि तोंडावर असा भाव की आपण होऊनच पांघरलंय. बाबांनी हसण्याचाच आवाज पाठवला. शेवटी दम लागला तरी हसतच होते. "हे गाढव कुणाचं ते विचारून ठेव," म्हणाले.

बाळ सहा वेळा.

६ डिसेंबर

काल फोटो पाठवला, उत्तर नाही. आज पाठवला, उत्तर नाही. झोपले असतील. दानियारही फोन उचलत नाही, तो तर जन्माचा आळशी.

एमिलबेक काल दुपारी अचानक बिश्केकला गेला, ट्रॅक्टरचा पार्ट आणायला. डिसेंबरात ट्रॅक्टर कोण चालवतं हे मी विचारलं नाही. पार्ट आणायला लग्नातला काळा कोट कशाला, हेही नाही. बसवर शार्शेन बाइकेही नाहीत, कुणीतरी परका पोरगेला ड्रायव्हर होता, त्यानं सगळी वाट कर्कश गाणी लावली.

आपांनी संध्याकाळी लोणी घालून लापशी करून दिली आणि मला "लेकी" म्हणाल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा. नातू हवाय म्हातारीला, दुसरं काय.

८ डिसेंबर

बाबांच्या फोनवरून लिहून आलं: "फोटो मिळाले. छान आहेत. खालचे सगळे दात काढले. हिरड्या शिवल्यात. बोलता येत नाही."

जीव भांड्यात पडला. दानियारला फोन केला, आज उचलला. आवाज बसलेला. "सर्दी झालीय," म्हणाला. मी त्याला चांगलं झाडलं. ऐंशीला टेकलेल्या माणसाचे सगळे दात एकदम कोण उपटतं? बहिणीला विचारायची रीत नाही का? तो म्हणाला, "चुकलं ताई." हा आणि चूक कबूल करतोय. याला खरंच ताप असणार.

९ डिसेंबर, सोमवार

एमिलबेक काल परत आला. पार्ट नाही. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. मी विचारलं तर म्हणे खिंडीत वारा होता. मी जाणत्या वयाची बाई आहे, वाऱ्यानं डोळे कसे होतात ते मला माहीत आहे. हे लिहू की नको असं झालंय, पण वही माझी आहे: मला वाटतं त्याचं बिश्केकमध्ये कुणीतरी आहे. मी आता पिंपासारखी दिसते. विचारायचं म्हटलं तर घोर लावून घ्यायचा नाही. बरंय. बाळा, तुझ्यासाठी मी हेही गिळलं.

शार्शेन बाइकेही आज कामावर परतले. बस नुसती मुकी. उमसुनाय एजेंनी साईची एक बरणी माझ्या पिशवीत घातली आणि पैसे देऊ केले तर माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या जिभेवरचा शब्द असा आटला की भीतीच वाटते. कबरस्तानापाशी सगळ्यांचे हात तोंडावर जरा जास्तच वेळ राहिले आणि खाली आल्यावर दोघी-तिघी माझ्याकडे बघत होत्या. पोट दिसायला लागलं की लोक असेच बघतात.

१२ डिसेंबर, गुरुवार

गुरुवारी आपा तेलात भाकऱ्या तळतात, गेलेल्या माणसांना वास पोचावा म्हणून. आमच्या घरी तो वास सासऱ्यांसाठी. सात भाकऱ्या, ठरलेल्या. आज चौदा होत्या. मी म्हटलं, "आपा, एवढ्या कुणाला?" त्यांनी कढईतली नजर वर केली नाही. "हात थांबला नाही," म्हणाल्या. मी पाच खाल्ल्या.

१७ डिसेंबर

दात गेल्यापासून बाबा लिहितात काय सुंदर. मला ठाऊक नव्हतं. आधी आवाज पाठवायचे तेव्हा एक चेष्टा आणि एक खोकला, संपलं. आता रोज नऊ वाजून दहा मिनिटांनी उत्तर येतं, इतकं ठरलेलं की मी त्यावर शिवणखोलीतलं घड्याळ लावते. "पिल्लू" मात्र म्हणत नाहीत, "बेगायीम" लिहितात. लिहिताना माणूस ताठर होतो, माझंही तसंच होतं.

कालच्या फोटोवर लिहिलं: "निळ्या दाराच्या घराच्या धुराड्यातून धूर नाही. म्हातारी एकटी असते. कुणीतरी बघायला हवं." मी सकाळी बसमध्ये वाचून दाखवलं. शार्शेन बाइकेंनी तिथे गाडी थांबवली, उतरले, दार ठोठावलं. म्हातारी ठणठणीत, लाकडं ओली होती इतकंच. बाइकेंनी बसमधल्या पेटीतल्या सुक्या ढलप्या काढून दिल्या. तलासला बसून बाबा नारिनच्या वाटेवरची चूल पेटवतात, असं मी सगळ्यांना अभिमानानं सांगितलं. सगळे खाली बघत होते.

२० डिसेंबर

"तिसऱ्या रांगेतून खांब मध्ये येतो. पहिल्या रांगेत बस," असं बाबांनी लिहिलं. मी तिसऱ्या रांगेत बसते हे त्यांना फोटोवरून कळलं! एकतीस वर्षं गाडीत काढलेला माणूस, त्याच्यापासून काय लपणार.

आज पहिल्या रांगेत बसले. आता बाइके मला विचारत नाहीत, आपणच ठिकठिकाणी हळू करतात. नदीच्या वळणावर तर गाडी बंदच पाडली. "इंजिन तापलं," म्हणाले. उणे चोवीसमध्ये इंजिन तापलं. पण बाहेर असं होतं: धुकं वर उचलत होतं आणि त्याखालून घोडे एकेक करून निघत होते, आधी पाय, मग पोटं, मग डोकी, कुणीतरी खालून वर त्यांचं चित्र काढत असल्यासारखे. बसमध्ये कुणी हललं नाही. मीसुद्धा फोटो काढायला जवळजवळ विसरले. कुठे चाललोय, कशाला, कोणता वार, काही आठवेना. पोटात हे मात्र फिरत होतं, हळू, पाण्यातल्या माशासारखं.

उत्तर आलं: "मी हे वळण हजारदा घेतलं. वळणावर ड्रायव्हरनं नदीकडे बघायचं नसतं. आज बघितलं."

मी दोन मुलांच्या अंगरख्यांवर सशाचे कान उलटे शिवले. नव्या वर्षाची बालनाट्यं आलीत आणि माझं लक्ष नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आज बाजूचा नाही, समोरचा काढला. म्हटलं बाबांना त्यांची जुनी जागा दाखवावी. पुढच्या काचेवर कोपऱ्यातून बर्फाची पानं चढलेली, शार्शेन बाइकेंचा हातमोजा चाकावर, चहाचा थर्मास, आणि थर्मासला टेकवून ठेवलेला एक फोन. फोनवर उजेड.

घरी आल्यावर मोठा करून बघितला. फोनच्या पडद्यावर माझा कालचा फोटो होता, छपरावर कावळे असलेला. फोनच्या वरच्या कोपऱ्यात तडा, तड्यावर जखमेची पट्टी. ती पट्टी उन्हाळ्यात मी लावली होती, तलासला, बाबांच्या फोनला.

बाबांनी फोन बाइकेंना का दिला असेल? नवा घेतला असेल. पण मग नंबर तोच कसा. उद्या विचारेन.

२८ डिसेंबर

विचारलं नाही.

२९ डिसेंबर

पोट दगडासारखं झालं दुपारी. डाव्या कुशीवर पडून राहिले आणि मोजत बसले. काही नाही. काही नाही. मग एकदा. मग पुन्हा.

आज अकरा वेळा. फक्त तेवढंच लिहिते.

३१ डिसेंबर

बाबा गेले.

स्वतःच्या अक्षरात लिहून बघितलं. कुणी सांगितलं नाही मला. पाच तारखेला गेले असणार, त्या दिवसापासून सगळं जुळतं. एमिलबेकचा काळा कोट, दानियारचं "चुकलं ताई", आपांच्या चौदा भाकऱ्या. मी नवऱ्यावर बिश्केकमधली बाई लादली आणि तो माझ्या बापाला माती देऊन आला होता. अख्ख्या बसला माहीत आहे. बहुतेक अख्ख्या कारा-बुलूनला.

आमच्यात मरण फोनवर, वाटेत, उभ्या उभ्या सांगत नाहीत. वडीलधारे घरी येतात, बसतात, चहा घेतात, गवताचं, बर्फाचं बोलतात आणि वळसे घेत घेत तिथवर पोचतात. ज्याचा अधिकार त्यानंच सांगायचं. तोवर ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तोंड शिवून बसायचं, आणि ज्याला सांगितलेलं नाही त्यानं रडायचं नाही. एमिलबेकच्या थोरल्या काकांना या घरात तो मान. त्यांनी ठरवलं असणार, बाळ झाल्यावर सांगू. माझ्या भल्यासाठीच. माझ्या भल्यासाठी सगळ्यांनी मिळून मला बापाच्या मातीला जाऊ दिलं नाही, आणि मला कुणाचा रागही धरता येत नाही. थोडा येतो. खूप येतो. घोर लावून घ्यायचा नाही.

एमिलबेक गाईला पाणी दाखवायला गेलाय. तो यायच्या आत चेहरा धुवायला हवा.

३ जानेवारी

तरीही रोज फोटो पाठवते. का ते नीट सांगता येत नाही. नऊ वाजून दहाला फोन वाजतो आणि त्या क्षणी, अगदी त्या क्षणापुरतं, ते बाबाच असतात. मग मी वाचते आणि ते शार्शेन बाइके असतात, स्टँडवर गाडी लावून, चष्मा चढवून, एकेक अक्षर शोधत बसलेले. दोघंही मला हवेसे झालेत.

आज परीक्षा घ्यायची लहर आली. लिहिलं: "बाबा, मी लहान असताना मला बसमध्ये कुठे बसवायचात?" मनात म्हटलं, आता सांगा.

नऊ वाजून दहाला काही आलं नाही. साडेदहाला आलं.

"इंजिनाच्या झाकणावर, घोंगडी घालून. तिथे ऊब असायची. तुला झोप लागली की हॉर्न वाजवायचा नाही, असा नियम होता. एकदा गुरं आडवी आली तर कंडक्टरला उतरवून हाकायला लावली, पण हॉर्न वाजवला नाही."

हे मला माहीत नव्हतं. बाबांनी कधी सांगितलं नाही, आणि आता विचारलं असतं तर त्यांना आठवलंही नसतं. बर्फात उतरून गुरं हाकणारा कंडक्टर कोण, ते मला कळलं. हिमपरीचा झगा तोंडावर धरून मी शिवणखोलीत बसले. पांढऱ्या सॅटिनवर डाग पडला तो काही निघत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

तपासणी. तिसावा आठवडा पुरा. दीड किलो, डोकं खाली, ठोके छान. डॉक्टरीणबाईंनी ते ठोके मला ऐकवले. घोडा चालल्यासारखे होते.

मी विचारलं, "रडलं तर चालेल का?"

त्यांनी चष्मा काढला. "कुणी नाही म्हणालं?"

"घोर लावून घ्यायचा नाही म्हणाला होतात."

"बाई, रडणं म्हणजे घोर नव्हे. दाबून धरता ना, तो घोर." मग त्यांनी माझी वही बघायला मागितली. मी म्हटलं, घरी विसरले. वही पिशवीत होती.

उद्या शेवटचा दिवस. सोमवारपासून बाळंतपणाची रजा. म्हणजे बस नाही, फोटो नाही. बाबांच्या नंबरावरून आलं: "उद्या काय दाखवशील?"

१० जानेवारी, शुक्रवार

झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवते.

सव्वासातची बस. पहिली रांग. रात्रभर बर्फ पडून थांबलेला, आभाळ दुधी, सगळं कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं. तळहात काचेवर ठेवला नाही. पोपलरची रांग संपली तिथे मी म्हटलं, "बाइके, जरा गाडी थांबवा."

त्यांनी अशी थांबवली की उमसुनाय एजेंच्या बरण्या घरंगळल्या. "दुखतंय का?" बाइकेंचा चेहरा पांढरा. "एजे, हिला धरा. मी सरळ इस्पितळातच घेतो."

"काही दुखत नाही. बसा. एजे, तुम्हीही बसा." मी उभी राहिले, दांडी धरून. "मला बोलायचंय. मला अधिकार नाही, पण दुसरं कुणी बोलायचं दिसत नाही."

इंजिन त्यांनी बंद केलं. इतकं शांत झालं की कुणाच्या तरी छातीतली घरघर ऐकू येत होती.

मी काकांसारखीच सुरुवात केली. या वर्षी बर्फ बरा आहे म्हटलं, गवत पुरेल म्हटलं. मग म्हटलं, "बाइके, हा रस्ता एकतीस वर्षं एका माणसाच्या हाताखाली होता. तुम्ही त्यांच्या शेजारी उभं राहून तिकिटं फाडलीत. त्यांना थोरला भाऊ मानलंत. ते आता या रस्त्यावर नाहीत, आणि तलासलाही नाहीत. गेल्या महिन्यात त्यांनी गाडी कायमची लावली. तुमच्या घरी येऊन हे कुणी सांगितलं नसेल. तुम्हाला तर परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी कामाला जुंपलं. म्हणून मी सांगते. कंबर कसा, बाइके, धीर धरा."

बाइकेंनी चाकावर कपाळ टेकलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "बोऊरुमोय!" म्हणजे माझ्या भावा रे, आमच्याकडे पुरुष माणूस मरणघरी शिरताना ओरडतो तसं. सगळी गाडी थरथरली. साठ वर्षांचा माणूस. मागे बायका हुंदके द्यायला लागल्या. उमसुनाय एजे रडता रडता म्हणाल्या, "महिनाभर या पोरीसमोर तोंड हसतं ठेवून माझे गाल दुखायला लागले होते."

बऱ्याच वेळानं बाइकेंनी बाहीनं डोळे पुसले. "तुला कधीपासून?"

"सत्तावीस तारखेपासून."

"आणि तरी फोटो पाठवत होतीस?"

"तुम्ही विचारत होतात ना, उद्या काय."

त्यांनी मान हलवली. "तिकडे तलासला मी रडलो नाही, बेगायीम. सगळे ओरडत अंगणात शिरले, मीही शिरलो, पण रडू आलं नाही. मग दानियारनं हा फोन हातात दिला. त्यात तुझा फोटो येऊन पडलेला, खाली लिहिलं होतंस, 'बाबा, बघितला का?' दानियार म्हणाला, मला नाही जमत, तुम्ही काहीतरी लिहा. त्या दिवसापासून रडायला वेळच मिळाला नाही. रोज उत्तर द्यायचं असायचं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगी बापाच्या खांद्यावर ठेवते तसा नाही, थोरलं माणूस ठेवतं तसा. बाळ पोटात सावकाश एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झालं.

"तू का नाही रडत?" त्यांनी विचारलं. "आम्ही सगळे रडलो. तुझे डोळे कोरडे."

"मला अजून कुणी सांगितलेलं नाही, बाइके."

काका गावात, अधिकार त्यांचा, हे प्रत्येकाला माहीत होतं. शार्शेन बाइकेंनी मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. कुणी नको म्हणालं नाही. उमसुनाय एजेंनी माझ्याजवळ सरकून पाठीला हात लावला.

मग त्यांनी टोपी नीट केली, जागेवरून उठून माझ्या समोर इंजिनाच्या झाकणावर बसले, माझे दोन्ही हात हातांत घेतले, आणि मला सांगितलं.